दोन सायकली, एक संसार

रविवारची सकाळ आहे. पॅरिसच्या दक्षिण टोकाला, बुलव्हार केलरमानवरील एका लहानशा घरात पती-पत्नी बोलत बसली आहेत. अमेरिकेहून पत्र आले आहे. तिकडील तंत्रज्ञांना रेडियम वेगळे काढण्याची कृती हवी आहे. पती पत्नीपुढे दोन वाटा ठेवतो. सारी कृती काहीही हातचे न राखता कळवून टाकावी, किंवा तिचे पेटंट घेऊन जगभरातील कारखान्यांकडून हक्काचा पैसा घ्यावा. पैसा आला तर चांगली प्रयोगशाळा उभी राहील, मुलीच्या भवितव्याची चिंता मिटेल, हेही तो सांगून पाहतो. पत्नी क्षणभर विचार करते आणि म्हणते की तसे करणे विज्ञानाच्या वृत्तीला सोडून होईल. एवढेच. पाव तासाने दोघे सायकलींवर बसून शहराची वेस ओलांडतात आणि क्लामारच्या रानाच्या दिशेने निघतात. सायंकाळी परततात तेव्हा अंग शिणलेले असते आणि हात पानाफुलांनी भरलेले असतात.

ईव्ह क्युरी यांनी आपल्या मातेच्या चरित्रात रंगविलेला हा प्रसंग. ‘मादाम क्युरी’ हे त्यांचे पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले. व्हिन्सेंट शीआन यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद त्याच वर्षी निघाला आणि पाहता पाहता ते जगभर पोहोचले. आम्ही ते प्रथम वाचले सेमिनरीत असताना. त्या वयात आमच्या मनावर ठसली ती गळक्या छपराची शेड, आपल्या उंचीएवढ्या लोखंडी दांड्याने उकळता रस ढवळणारी स्त्री, काही टन खनिज उपसल्यावर जवळजवळ चार वर्षांनी, १९०२ साली, हाती आलेला एक दशांश ग्रॅम क्षार, आणि अंधारात निळसर उजळणाऱ्या काचेच्या नळ्या. तपश्चर्येचे आकर्षण असलेल्या कोवळ्या सेमिनरियनला दुसरे काय दिसणार! सहलींची पाने आम्ही भरभर उलटली होती. पुढे धर्मगुरू झालो, विवाहेच्छु जोडप्यांना मार्गदर्शन करण्याचे काम अंगावर आले आणि पुस्तक पुन्हा हाती घेतले, तेव्हा मात्र थांबलो ते त्या उलटलेल्या पानांपाशी.

तेव्हापासून साखरपुडा झालेल्या वाचनप्रिय जोडप्यांना आम्ही हे पुस्तक देत आलो आहोत. देताना सांगावयाचे वाक्यही ठरून गेले होते: शेडची पाने सावकाश वाचा, पण सायकलींची पाने दोघांनी मिळून वाचा. दोन वर्षांपूर्वी असेच ते एका तरुण दांपत्याच्या घरी गेले. लग्न होऊन चार वर्षे झालेली, दोघेही मुंबईस नोकरीला, पदरी एक लहान मुलगी. महिन्याभराने पुस्तक परत द्यावयास ती दोघे मिस्सानंतर मठीत आली. पती पुस्तकावर बेहद्द खूष होता. पत्नी म्हणाली, “फादर, पुस्तक चांगलं आहे. पण एक विचारू? ही दोघं सायकली घेऊन रानात जायची, तेव्हा त्या पोरीला कोण सांभाळत होतं?”

पती हसला. ती हसली नाही. आमच्यापाशी उत्तर तयार नव्हते. इतक्या वेळा वाचूनही तो प्रश्न आमच्या मनात आला नव्हता, याचे कारण उघड आहे. धर्मगुरूच्या घरात पाळणा नसतो. त्या प्रश्नाने आम्हांला पुस्तक तिसऱ्यांदा वाचावयास लावले, आणि या वेळी शेजारी दुसरेही एक पुस्तक ठेवले. ते मातेचे स्वतःचे. पतीच्या निधनानंतर सतरा वर्षांनी, १९२३ साली, मादाम क्युरी यांनी ‘पिएर क्युरी’ हे छोटेसे चरित्र प्रसिद्ध केले. शार्लट आणि व्हर्नन केलॉग यांच्या इंग्रजी अनुवादात त्यांची आत्मचरित्रपर टिपणेही जोडलेली आहेत. एकाच संसाराविषयी दोन स्त्रियांनी लिहिलेली ही दोन पुस्तके. एक तो संसार जगली, दुसरी त्या संसारात जन्मली. दोघींच्या हातून त्याच उन्हाळ्यांचे काय झाले, हे पाहणे आम्हांला उद्बोधक वाटले.

आरंभ कन्येपासून करू. २६ जुलै १८९५ रोजी सो या गावी पिएर क्युरी आणि मारी स्क्लोदोव्स्का यांचा विवाह झाला. नोंदणी पद्धतीचा विवाह. अंगठी नाही, मेजवानी नाही, चर्चची घंटाही नाही. नवरीने गडद निळ्या रंगाचा पोशाख निवडला तो पुढे प्रयोगशाळेत वापरता यावा म्हणून. एका नातलगाने आहेर म्हणून दिलेल्या पैशांतून दोन सायकली घेतल्या होत्या. त्यांवर बसून ही दोघे पॅरिसच्या आसपासच्या मुलखात हिंडावयास निघाली; दुपारी झाडाखाली पाव, चीज आणि फळे, रात्री वाटेत लागेल त्या खाणावळीत गरम सूप आणि एक खोली. ऑगस्टच्या मध्यास शांतियीजवळच्या एका शेतघरी मारीच्या माहेरची माणसे जमली, तेथे ही दोघे जाऊन मिळाली.

येथे आमचे काही वाचक थबकतील. धर्मगुरूने वेदीसमोर उभ्या न राहिलेल्या जोडप्याची शिफारस करावी काय? हा प्रश्न आम्हांला एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारलाही. मारीची आई श्रद्धावान कॅथलिक होती. मारी लहान असतानाच थोरली बहीण टायफसने गेली आणि १८७८ साली, मारी दहा वर्षांची असताना, आई क्षयाने गेली. त्या मुलीची प्रार्थना तेव्हा थांबली ती थांबलीच. पिएरचे वडील मुळातच धर्मापासून दूर. यात आम्हांला आनंद वाटावा असे काही नाही, आणि ते झाकूनही आम्ही पुस्तक देत नाही. परंतु ज्या गोष्टीसाठी पुस्तक देतो, ती त्यांच्यापाशी होती आणि वेदीसमोर उभ्या राहिलेल्या अनेकांपाशी नसते, हेही तितकेच खरे. असो.

ईव्ह क्युरी यांची लेखणी प्रसन्न आहे. त्या पत्रकार होत्या, पियानोवादक होत्या. दुसऱ्या महायुद्धात वार्ताहर म्हणून हिंडताना १९४२ साली त्या हिंदुस्थानातही येऊन गेल्या. दृश्य कसे उभे करावे हे त्यांना नेमके ठाऊक आहे. तळ्याकाठी पहुडलेली मारी, पाणफुलांचा गुच्छ घेऊन येणारा पिएर, आणि तिच्या उघड्या तळहातावर त्याने अलगद ठेवलेला ओला, जिवंत बेडूक! ती किंचाळते, त्याला प्रामाणिक आश्चर्य वाटते की हिला बेडूक आवडत नाहीत की काय. आमच्या शिबिरांत हा प्रसंग सांगितला की हमखास हशा पिकतो. तरी परीक्षणात विचारले पाहिजे की हे लेखिकेला कळले कोठून? त्यांचा जन्म ६ डिसेंबर १९०४ चा. बेडकाच्या त्या उन्हाळ्यानंतर नऊ वर्षांनी त्या जगात आल्या आणि त्यांचे वडील गेले तेव्हा त्या पुरत्या दीड वर्षाच्याही नव्हत्या. आईकडून, मावश्यांकडून ऐकलेल्या गोष्टींना त्यांनी संवाद दिले, प्रकाश दिला, पार्श्वभूमी दिली. लबाडी म्हणून आम्ही हे सांगत नाही. वडिलांची एकही आठवण नसलेल्या मुलीने आपल्यासाठी वडील घडविले, आणि ते बहुतांशी उघड्या आकाशाखाली घडविले, असे आम्ही म्हणू. पण या चित्रांत एक दोष शिरतो. चित्रातील दोघे नेहमी दोघेच असतात. रान त्यांच्यासाठी, रस्ता त्यांच्यासाठी. चौकटीच्या बाहेर कोण उभे आहे, हे चित्रकार दाखवीत नाही.

आता मातेचे पुस्तक. ते वाचताना प्रथम निराशाच होते. एका शास्त्रज्ञाने दुसऱ्या शास्त्रज्ञावर लिहिलेले. स्फटिकांवरील प्रयोग, चुंबकत्वावरील प्रबंध, नोकऱ्यांची वाट, अपुऱ्या सोयी. संवाद नाहीत, हशा नाही, बेडूक नाही. वाक्ये हिशेबाच्या वहीसारखी सरळ. आणि मग कुठलीही सूचना न देता त्या कोरड्या गद्याला पालवी फुटते. कोंपिएन्यच्या अरण्यातील वसंत येतो. फोंतेनब्लोच्या रानाच्या कडेने वाहणाऱ्या ल्वाँ नदीचे पाणफुलांनी भरलेले काठ येतात. ब्रिटनीचे उदास समुद्रकिनारे येतात. दीर्घ, थकविणारी चढण चढून ओब्राकच्या पठारावर पोहोचल्यावर लागलेले हिरवे कुरण आणि तेथील निर्मळ हवा यांची आठवण मादाम क्युरी अवघ्या एका वाक्यात सांगतात. त्यानंतर ट्रुयेर नदीच्या घळीतील ती संध्याकाळ. प्रवाहाबरोबर खाली जाणाऱ्या एका होडीतून कुणाचे तरी गाणे दूर दूर विरत गेले, त्यात ही दोघे गुंतली आणि मुक्कामी पोहोचावयास पहाट झाली. वाटेत गाड्यांचे घोडे सायकलींना बुजले म्हणून नांगरलेल्या शेतांतून सायकली ढकलाव्या लागल्या. पठारावर चांदणे होते, आणि कुंपणात रात्र काढणाऱ्या गाई शांत, मोठ्या डोळ्यांनी या दोघांकडे पाहत उभ्या होत्या.

एवढेच आहे. त्या रात्री ते काय बोलले, हे बाई सांगत नाहीत. कन्येने येथे खचित संवाद घातला असता. मातेला त्याची गरज वाटली नाही. सारा परिच्छेद ‘आम्ही’ या एका सर्वनामावर चालतो: आम्ही चढलो, आम्ही थांबलो, आम्हांला वाट सोडावी लागली. प्रस्तुत लेखकही धर्मगुरूंच्या आणि संपादकांच्या जुन्या सवयीने ‘आम्ही’ लिहितो, पण त्या ‘आम्ही’त माणूस एकच असतो. मादाम क्युरींच्या ‘आम्ही’त दोन माणसे आहेत, आणि त्यांतील एक जाऊन सतरा वर्षे झालेली आहेत. तरीही सर्वनाम बदललेले नाही. ईव्ह क्युरी यांच्या पुस्तकातील सर्व संवादांपेक्षा हे एक व्याकरण आम्हांला अधिक बोलके वाटते.

सर्वनामांचाच विषय निघाला म्हणून पिएरच्या एका पत्राचा उल्लेख केला पाहिजे. ते कन्येच्या पुस्तकात आहे आणि ते छापल्याबद्दल आपण तिचे ऋणी असावे. १० ऑगस्ट १८९४ ही त्याची तारीख. मारी सुटीसाठी पोलंडला गेलेली, परत येईल की नाही याची शाश्वती नाही. तिचे मन मायदेशाकडे ओढले होते. रशियाच्या अमलाखालील पोलंडमध्ये शिक्षिका व्हावे, लोकांच्या कामी यावे हा तिचा ध्यास. पिएर लिहितो की आपल्या स्वप्नांच्या भारणीत आपण एकमेकांजवळ आयुष्य काढू शकलो तर किती सुंदर होईल, आणि मग तीन स्वप्ने मोजतो. स्वदेशाचे स्वप्न, त्याला तो ‘तुमचे’ म्हणतो. मानवजातीचे आणि विज्ञानाचे, या दोहोंना ‘आपले’. लग्नापूर्वी वर्षभर लिहिलेल्या पत्रात किती प्रामाणिक वाटणी आहे ही! जे तिचे आहे ते तिचेच राहू दिले; ते आपलेही आहे असे भासवून तिला जिंकण्याचा प्रयत्न केला नाही. हा मनुष्य प्रणयपत्रातही मोजमाप चुकत नाही.

त्या ‘तुमचे’चे ‘आपले’ केव्हा झाले? जुलै १८९८ मध्ये दोघांनी एक नवे मूलद्रव्य जाहीर केले आणि त्याला नाव दिले पोलोनियम. हे नाव प्रयोगशाळेत सुचले की रस्त्यावर, हे कुणीच लिहून ठेवलेले नाही. परंतु मधल्या तीन उन्हाळ्यांत ही दोघे दिवस-दिवस शेजारी शेजारी सायकल चालवीत होती, एवढे आपल्याला माहीत आहे. शेजारी बसून एकमेकांच्या तोंडाकडे पाहत केलेल्या गप्पा आणि शेजारून चालत एकाच रस्त्याकडे पाहत केलेल्या गप्पा यांत अंतर असते. एम्माऊसच्या वाटेवरील दोघा शिष्यांचे स्मरण आमच्या वाचकांना करून देण्याची आवश्यकता नाही.

पण या सहलींनी दिलेली खरी शिकवण आमच्या मते वेगळीच होती. ती होती थोडक्यात भागविण्याची. सायकलवर काय मावते? एक गाठोडे, एक नकाशा. रात्री जी खाणावळ लागेल ती आपली. ग्लासियेर रस्त्यावरील त्यांचे पहिले घर पाहा: तीन खोल्या, पुस्तके, एक टेबल आणि दोन खुर्च्या. तिसरी खुर्ची नाही, कारण तिसरा माणूस आला तर बसून राहील! वाचक हे विक्षिप्तपणात जमा करतात. आम्हांला ते घर खाणावळीतील खोलीचेच पुढचे रूप वाटते. दर उन्हाळ्यात जे दोघे काही आठवडे जवळजवळ काहीही न बाळगता सुखाने राहिले, त्यांना त्या रविवारी निर्णयाला पाव तास पुरला. ईव्ह क्युरी तो पाव तास नाट्यमय करतात, सायकलींना प्रसंगाच्या शेवटी आणतात, जणू निर्णय झाला आणि मग ते सहलीस गेले. आम्ही उलट म्हणू. सायकली आधीपासून होत्या, म्हणून तो निर्णय तसा झाला. मातेच्या पुस्तकात रविवार नाही, सायकली नाहीत, फुले नाहीत. पेटंट घ्यावयाचे नाही असे आम्ही दोघांनी ठरविले, एवढीच नोंद आहे, आणि शेजारी हेही आहे की मित्रांचा आक्षेप आहे: तो पैसा असता तर उत्तम प्रयोगशाळा उभी राहिली असती. बाई तो आक्षेप टाळीत नाहीत. १९२१ साली अमेरिकन स्त्रियांनी एक लाख डॉलर गोळा करून या बाईंना एक ग्रॅम रेडियम भेट दिले, ते राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते स्वीकारावयास त्यांना समुद्र ओलांडून जावे लागले. जे फुकट वाटले ते देणगी म्हणून घ्यावे लागले. तरी आपण केले ते योग्यच होते, या मतापासून त्या ढळल्या नाहीत.

येथवर आम्ही सुखाने आलो. आता त्या तरुण मातेच्या प्रश्नाला तोंड दिले पाहिजे.

१८९७ चा उन्हाळा. मारीला आठवा महिना. पोर-ब्लाँ या किनाऱ्यावरील गावी ती आपल्या वडिलांबरोबर विश्रांतीस गेलेली. ऑगस्टमध्ये पिएर येऊन मिळाला, आणि दोघे सायकलींवरून ब्रेस्टकडे निघाली, नेहमीइतकाच पल्ला गाठीत! सहल अर्ध्यावर सोडून पॅरिसला परतावे लागले. १२ सप्टेंबरला इरेन जन्मली. कन्या हे लपवीत नाही आणि याला शहाणपण म्हणत नाही, हे तिच्या पारड्यात टाकले पाहिजे. इरेनच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत पिएरची आई गेली. एकटे पडलेले वडील, डॉक्टर युजेन क्युरी, मुलाच्या संसारात आले आणि नातीचे झाले. त्यांनी तिला सांभाळले, पुढे वनस्पती ओळखावयास शिकविले, व्हिक्टर ह्युगोच्या कवितांची गोडी लाविली. १९१० साली मृत्यू येईपर्यंत ते त्या घरात होते.

प्रश्नाचे उत्तर हे आहे. त्या रविवारी रानाकडे जाणाऱ्या दोन सायकली आपल्याला दिसतात. घरात मुलीजवळ कोण राहिले हे चित्रात नाही. कन्येच्या पुस्तकात आजोबांवर प्रेमळ पाने आहेत, पण ती वेगळ्या प्रकरणात. सहलीच्या प्रकरणात आजोबा नाहीत. मातेच्या टिपणांत मात्र ही जोडणी उघड आहे: मूल, घर आणि संशोधन यांतील काहीही न सोडता कसे निभवावे हा आपल्यापुढे गंभीर प्रश्न होता, आणि सासऱ्यांनी जवळ राहून मुलीला सांभाळले म्हणूनच आपल्याला काम करता आले, असे त्या सांगतात. आमच्या धर्मग्रामातील किती तरुण जोडप्यांना हे सांगावयास जावे? वाडीतील घरी आजी-आजोबा, आणि ही दोघे नोकरीसाठी दूर उपनगरातील दोन खोल्यांत. त्यांना मे महिन्याच्या सुटीत सहलीस जा म्हणून सांगणे सोपे. पाळण्याची दोरी कोणाच्या हाती द्यावी हे सांगणे कठीण. आम्ही सोपे तेवढे सांगत होतो.

तरी न्याय म्हणून हेही नोंदविले पाहिजे की मूल नेहमीच मागे ठेवलेले नसे. पोलोनियमच्या त्याच उन्हाळ्यात क्युरी कुटुंब ओरू नावाच्या डोंगराळ खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी राहिले होते. मारी मुलीच्या वाढीची वही ठेवी. १५ ऑगस्टच्या, आपल्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या तारखेस, त्या वहीत नोंद आहे की इरेनला सातवा दात आला, की तिला तीन दिवस नदीत आंघोळ घातली तेव्हा ती रडली, आणि आज चौथ्या वेळी रडणे थांबवून पाण्यात हात मारीत खेळली. त्याच वर्षी एका पाकपुस्तकाच्या समासात गूजबेरीची जेली कशी केली हे लिहिलेले आहे. त्या वर्षाच्या २६ डिसेंबरला रेडियम जाहीर झाले. कन्येने या नोंदी पुस्तकात घेतल्या, हे तिचे सर्वांत मोठे वाङ्मयीन शहाणपण. येथे तिने काहीही रंगविलेले नाही. आईची वही उघडून नुसती समोर ठेवली आहे.

असेच आणखी एका ठिकाणी तिने केले आहे, आणि ते पान वाचणे जड जाते. ऑगस्ट १९०३ मध्ये मारीचे मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मून गेले. मुलगी होती. बहीण ब्रोन्या हिला लिहिलेल्या पत्रात मारी म्हणते की कुणालाही लिहिण्याचे धैर्य आपल्याला झालेले नाही, त्या मुलाच्या कल्पनेची मनाला इतकी सवय झाली होती. आणि दोष ती आपल्याकडे घेते, आपण स्वतःला शीणापासून जपले नाही, अंगातील शक्तीवर फार भरवसा ठेवला. कारण नेमके काय होते हे ठरविणारे आम्ही कोण? प्रयोगशाळेतील श्रम होते, त्या किरणांचे परिणाम तेव्हा कुणाला पुरते उमगलेले नव्हते. परंतु ‘शक्तीवर फार भरवसा’ हे शब्द वाचताना आम्हांला ब्रेस्टची ती वाट आठवल्यावाचून राहिली नाही. चारच महिन्यांनी नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ते स्वीकारावयास स्टॉकहोमला जाण्याइतके त्राण दोघांतही नव्हते. गेले ते जून १९०५ मध्ये. शिबिरांत बेडकाचा प्रसंग सांगताना हे पत्र आम्ही कधी वाचून दाखविले नव्हते.

कन्येच्या पुस्तकात उणिवा आहेत. १९११ साली एका विवाहित सहकाऱ्याशी असलेल्या स्नेहावरून वृत्तपत्रांनी विधवा मारीवर जे वादळ उठविले, त्यातील कुणाचेही नाव न घेता लेखिका निघून जातात. आईवरील प्रेम तेथे चरित्रकारावर मात करते. पिएरच्या हाडांतील वेदनांविषयीही त्या कमी बोलतात. पण एका सहलीच्या बाबतीत त्या मातेच्या तोडीस उतरतात. ती सहल एप्रिल १९०६ ची. त्या वर्षी पास्काचा सण १५ तारखेस होता. सुटीसाठी क्युरी कुटुंब शेव्ह्रूझच्या खोऱ्यातील सॅं-रेमी या गावी गेले. कोवळे ऊन होते. इरेन जाळे घेऊन फुलपाखरांमागे धावत होती, पिएर कुरणात पहुडला होता. ज्या तळ्याकाठी पूर्वी पाणफुले मिळाली होती तेथे सगळी मंडळी चालत गेली. तळे आटले होते, कमळे नव्हती. आणि कुरणातील चाकोऱ्यांत अडखळत चालणारे एक तान्हे मूल होते, सोळा महिन्यांचे. ते म्हणजे स्वतः लेखिका.

पुस्तकातील असंख्य सहलींपैकी ही एक अशी, जिथे त्या हजर होत्या, आणि तिचेही त्यांना काहीच आठवत नाही. येथे लेखणी एकाएकी हळू होते. मारीच्या सहवासात आयुष्य गोड गेले अशा अर्थाचे एक वाक्य त्या पिएरच्या तोंडी घालतात. बाकी सारे शांत आहे. सोमवारी संध्याकाळी तो पिवळ्या रानफुलांचा गुच्छ घेऊन पॅरिसला परतला. गुरुवारी, १९ एप्रिलला, पावसात, दोफीन रस्त्यावर मालाने भरलेल्या घोडागाडीखाली सापडून गेला. सॅं-रेमीची फुले घरात अजून टवटवीत होती, असे मारीने आपल्या शोकाच्या वहीत त्यालाच उद्देशून लिहून ठेवले आहे.

चित्र आणि चौकटीबाहेरचे जग या एका प्रकरणात एकत्र येतात. पती-पत्नी आहेत, मुली आहेत, आटलेले तळे आहे. आम्हांला विचाराल तर साऱ्या पुस्तकातील हे सर्वांत अस्सल लेखन होय, आणि शेडच्या प्रसिद्ध पानांच्याही वर आम्ही ते ठेवू.

तेव्हापासून आम्ही देण्याची रीत बदलली आहे. आता दोन्ही पुस्तके एकदम देतो, आणि दोघांनी मिळून वाचावयास सांगतो ती पाने तीन: ट्रुयेरच्या घळीतील रात्र, ब्रोन्यास लिहिलेले पत्र आणि सासऱ्यांविषयीचा तो मजकूर. ज्या तरुण मातेने प्रश्न विचारला होता, तिच्याकडे मादाम क्युरींचे छोटे पुस्तक आम्ही स्वतः नेऊन दिले. गेल्या मे महिन्यात तिची सासू मिस्सानंतर भेटली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, “फादर, तुमच्या पुस्तकानं काम वाढवलंय. पोरगी माझ्याकडे टाकतात नि दोघं सकाळीच अर्नाळ्याला चालत जातात.” नातीचे बोट तिने घट्ट धरले होते. पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे.